डावीकडची सीट

आमच्या कुताइसीत गाड्या जपानहून येतात, जुन्या,
आणि स्टिअरिंग उजवीकडे.
रस्ताही उजव्या अंगाचा.
म्हणजे चालवणारा बसतो गटाराच्या कडेला,
आणि समोरून कोण येतंय ते दिसतं
शेजारी बसलेल्याला.

हे आधीच सांगून ठेवते,
पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी बायकांना गाडी शिकवते. फक्त बायकांना.
पाटी लावलेली नाही, तरी येतात.
कुणाचा नवरा वारला, कुणाचा पोलंडला गेला तो तिकडचाच झाला,
एक तर इटलीत अकरा वर्षं
परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालून परतली,
आणि स्वतःच्या घरात तिला चमचे कुठे ठेवतात ते विचारावं लागलं.
(ती मीच. असो.)
सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं :
मला काहीच येत नाही.

मझिया आली तेव्हा काळ्या कपड्यांत होती,
चाळिसावा होऊन आठवडा झालेला.
गीवीची डेलिका द्राक्षाच्या मांडवाखाली,
बॅटरी मेलेली, काच अर्धी उघडी,
मागच्या सीटवर कोंबडीनं संसार मांडलेला.
मुलगा फोनवर म्हणत होता, विकून टाक.
तिनं अंडी पदरच्यासारखी मोजून काढली, सीट पुसली,
आणि दार उघडून बसली
डावीकडे.
मी खिडकीशी उभी राहिले.
म्हटलं, बाई, ती माझी जागा.

पहिले पंधरा दिवस क्लचचे.
गाडी वासरासारखी उसळायची, मग मान टाकायची.
गाई रस्त्यात बसलेल्या.
त्यांना हॉर्न कळत नाही,
तुमचं थांबणं मात्र बरोबर कळतं.
देऊळ दिसलं की मझिया स्टिअरिंग सोडून
तीनदा क्रूस करायची.
मी ओरडायचे, एक हात पुरतो त्याला!
ती म्हणायची, गीवी तर कधी करायचाच नाही,
त्याच्या वाटचं पण मीच करते.

मग त्किबुलीचा घाट.
पुढे कोळशाचा ट्रक, मुंगीच्या पावलानं,
काचेवर काळी पूड.
मी डावीकडून मान काढून पाहिलं.
म्हटलं, थांब, काही दिसत नाही.
तर ही, समोर बघत, अगदी सहज :
अक्रोडापाशी वळण उघडतं.
तिथून मोडक्या बसथांब्यापर्यंत सरळ आहे.
तिथं नाही जमलं तर मग झऱ्यापर्यंत नादच सोडायचा.

मी तिच्याकडे बघत राहिले.
अगं, तुला काय माहीत?

तो विचारायचा ना. आहे का?
मी म्हणायचे, आहे. आहे. अजून आहे. आता जा.
एकतीस वर्षं. दर शनिवारी, बाजाराला.
एकदा रागावले होते, तर बोललेच नाही,
तो ट्रकच्या मागे मागे गावापर्यंत आला बिचारा.

मग गाडी कोण चालवत होतं गं?

तिनं विचार केला. खरोखर केला,
जसा भाव सांगताना करतात.
तो गिअर टाकायचा, म्हणाली.

अक्रोड आला. वळण उघडलं.
मी म्हटलं, जा.
ती गेली नाही.
गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून
चांगली दहा मिनिटं रडली.
मी वायपर लावले. काच पुसली गेली नाही, कोळसा फासला गेला.
आम्ही दोघी हसलो की काय, आठवत नाही.

लायसन्स तिला दुसऱ्या खेपेला मिळालं.
पहिल्या खेपेला परीक्षक डावीकडे बसला होता,
आणि ती त्याला सारखं विचारत होती, आहे का?

परवा शनिवारी फोन आला, बाजारातून.
एकटी आले, म्हणाली.
डावीकडे चीजची टोपली ठेवली, तिला पट्टा लावला.
ट्रक होता का पुढे?
होता तर. घाटभर.
मग?
मग काय. टोपलीला काय विचारणार?
उजव्या वळणांवर त्याच्या कुशीतून थोडंथोडं पुढचं दिसतं,
तेवढं बघत आले.
दोन तास लागले.

मागे कुणीतरी भाव विचारत होतं.
थांब हां, म्हणाली,
मला की त्याला, कळलं नाही,
आणि फोन तसाच चालू राहिला.